रक्तांतच आहे, मग पथ्य कशाला ?

आम्ही दोघे भाऊ. मी नांदेडास असतों, धाकटा लातुरास. दोन वर्षांपूर्वीं सोनोग्राफींत दोघांच्याही यकृतांत चरबी सांठल्याचें दिसलें. मी नेमानें गोदावरीच्या घाटाकडे फिरावयास जाऊं लागलों. धाकट्यानें मात्र हात टेकले. "वडील यकृताच्याच दुखण्यानें गेले. जें रक्तांतच आहे, तें पथ्यानें कसें जाणार ?" असें त्याचें म्हणणें. हा प्रश्न अनेक घरांत निघतो. म्हणून आज त्याचें उत्तर पाहूं.

प्रथम रक्ताची बाजू. इ. स. २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांना पीएनपीएलए-३ या जनुकाचा एक सदोष प्रकार यकृतांतील चरबीशीं निगडित असल्याचें आढळलें. या जनुकाच्या आज्ञेनें यकृतांत एक प्रथिन तयार होतें. तें सदोष झालें, तर चरबीच्या थेंबांवर ठाण मांडून बसतें आणि चरबीचा निचरा अडवितें. या जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून आपणांस मिळते. कोणाच्या दोन्ही प्रती सदोष, कोणाची एक, तर कोणाची एकही नाहीं. म्हणून एका पंगतींत वाढलेल्या सख्ख्या भावांचीं यकृतेंही सारखीं नसतात.

अंगानें सडसडीत मनुष्यानेंही निश्चिंत राहूं नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत स्वतःची व एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना दिली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण अंगांतील चरबी इंग्रजाची शेंकडा ९, तर याज्ञिकांची शेंकडा २१!

आतां पथ्याची बाजू. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या फिनलंडांतील एका प्रयोगांत १८ जणांना सहा दिवस बेताचा, पिष्ट व साखर अत्यल्प असलेला आहार दिला. ८ जणांच्या दोन्ही प्रती सदोष, १० जणांच्या निर्दोष. वजन दोन्ही गटांत जवळजवळ सारखेंच उतरलें. पण यकृतांतील चरबी निर्दोष गटांत शेंकडा १८, तर सदोष गटांत शेंकडा ४५ घटली. हाँगकाँगमधील वर्षभराच्या प्रयोगाचें वृत्त २०१५ सालीं आलें. त्यांतही सदोष प्रती असणाऱ्यांनाच पथ्य व व्यायाम अधिक मानवले. या जनुकास पिष्ट व साखर यांनीं जोर चढतो. तीं कमी झालीं, कीं तो ओसरतो, असा याचा उलगडा केला जातो.

सदोष जनुक असणाऱ्याचें यकृत निबर होण्याचा धोका अधिक, हें खरें. म्हणूनच त्याला पथ्याची निकडही अधिक. वजन शेंकडा ७ ते १० उतरल्यास यकृताची सूजही बहुधा ओसरते. ऐंशी किलोच्या माणसास हें सुमारें सहा ते आठ किलो. तें सावकाश उतरवावें. भात व साखर आंखडावी, ताटांत वरण-भाजी वाढवावी, रोज भरभर चालावें, मद्य वर्ज्य करावें.

हें सारें मीं धाकट्यास सांगितलें. गेल्या आषाढापासून तो फिरावयास जातो. त्याच्या प्रती कोणत्या, हें आम्हांस ठाऊक नाहीं. आणि चालावयास लागण्यासाठीं तें ठाऊक असण्याची गरजही नाहीं.