व्हाया काय देऊ?

टिटवाळ्याच्या तिकीट खिडकीवर सकाळी मोजकंच बोलायचं असतं: ‘अंधेरी, व्हाया दादर, रिटर्न.’ मागे पंधरा जण उभे असतात आणि इंडिकेटरवर गाडी लागलेली असते. मधला ‘व्हाया’ खाल्लात, की आतून मान वर न करता प्रश्न येतोच, ‘व्हाया?’

इथे नव्या पब्लिकचा हमखास पोपट होतो. घरं परवडतात म्हणून सीएसएमटीपासून साधारण 64 किलोमीटरवर राहायला आलेल्यांना वाटतं, आपली सेंट्रल, पुढची वेस्टर्न, म्हणजे दादरला उतरून पुन्हा रांग. अजिबात नाही, बॉस! सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर, ट्रान्स-हार्बर, सगळ्यांना मिळून एकच तिकीट चालतं. गाडी बदला, तिकीट नाही.

यात नुसता वेळ वाचत नाही. सलग तिकिटाचं भाडं पूर्ण अंतरावर लागतं आणि जसजसं अंतर वाढतं, तसतसा किलोमीटरचा दर उतरतो. तुकडे केले, की प्रत्येक तुकडा पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. सेकंड क्लासचं किमान भाडं 5 रुपयेच आहे, पण रोज येता-जाता मोजा! माझ्या ऑफिसातला एक जण वर्षभर टिटवाळा-ठाणे आणि ठाणे-ऐरोली असे दोन पास खिशात घेऊन फिरत होता. मी त्याला खिडकीवर नेलं. आतल्या बाईंनी ‘ऐरोली व्हाया ठाणे’ असा एकच पास काढून दिला आणि वर ऐकवलं, ‘तीन महिन्यांचा घ्या ना. 2.7 महिन्यांचेच पैसे लागतात.’ असा हिशेब तोंडावर असणारी माणसं मला कुठल्याही मशीनपेक्षा भारी वाटतात.

मात्र ‘व्हाया’ ही शोभेची वस्तू नाही. वाशीला ठाण्यावरूनही जाता येतं, कुर्ल्यावरूनही. तिकिटावर ‘व्हाया ठाणे’ छापलंय आणि तुम्ही मित्रांसोबत गप्पा मारत कुर्ल्याला पोचलात, तर टीसीच्या लेखी त्या रस्त्याचं तिकीट तुमच्याकडे नाहीच. दंड किमान 250 रुपये, भाडं वेगळं. तेव्हा तिकीट हातात आलं, की आधी ती बारीक ओळ वाचा आणि मगच खिडकी सोडा. मागचे ओरडतील, ओरडू देत.

मोबाईलवालेही यातून सुटत नाहीत. युटीएस ॲप 2014मध्ये आलं, रेलवन 2025मध्ये. मार्ग निवडायचा तो तुम्हालाच. मेट्रोचं प्रकरण वेगळं. खिडकीवरचं लोकलचं तिकीट घाटकोपरच्या मेट्रोत चालत नाही. ऑक्टोबर 2025मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपमध्ये मात्र लोकल, मेट्रो, मोनो, बस अशा 11 सेवा एकत्र आणल्यात. सोय झकास आहे, पण कोणता रस्ता स्वस्त पडेल हे विचारायला मी अजूनही खिडकीच गाठतो.

फक्त अंगारकीला नाही. त्या दिवशी महागणपतीला निघालेली अख्खी मुंबई आपल्या स्टेशनवर उतरते आणि परतीच्या तिकिटासाठी रांगेतही उभी असते. पास संपायच्या 10 दिवस आधी नवा काढता येतो. कॅलेंडर बघा आणि एखाद्या दुपारी उरकून टाका.