हप्ता, रेशन, बियाणं आणि शाळेत थांबलेला पुतण्या : लॉकडाऊनमधली घरची काळजी वहीवर कशी उतरवायची

वाशी (जि. उस्मानाबाद), ता. २४ मे २०२० : मार्चच्या २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, त्याला आज बरोबर दोन महिने झाले. तेव्हा २१ दिवस म्हणाले होते. आता चौथा लॉकडाऊन ३१ मेपर्यंत आहे. परवा २२ तारखेपासून एसटी जिल्ह्याच्या आत धावायला लागली, पण माणसं अजून चढायला कचरतात. गावात आजाराची भीती आहेच. तरी पारावर दोन माणसं लांब लांब बसून बोलत असली, तर बोलणं आजाराचं कमी आणि पैशाचं जास्त असतं.

आपल्या भूम-वाशी भागात दुधाचा खवा होतो. पेढेवाले, हलवाई बंद पडले, लग्नं बंद पडली, तशा भट्ट्याही थंडावल्या. मग ते दूध डेअरीकडं वळलं आणि भाव पडला. माझ्याच दोन गाई आहेत, रोजचं अठरा लिटर दूध. मार्चच्या सुरुवातीला ३० रुपये मिळत होते, एप्रिलमध्ये २० वर आलं. म्हणजे दिवसाला १८० रुपये, महिन्याला ५,४०० रुपये घरात येणारे थांबले. पेंडीचं पोतं मात्र कमी झालं नाही. गाईला लॉकडाऊन कळत नाही.

एप्रिलभर मला रात्री झोप नव्हती. डोक्यात सगळं एकदमच यायचं. ट्रॅक्टरचा हप्ता, सौ.चं गटाचं कर्ज, पेरणी, पोरीचं दहावीनंतरचं, आईच्या बीपीच्या गोळ्या, पुण्यात अडकलेला पुतण्या. शेवटी सौ.च वैतागली. "आवं, रात्रभर कूस बदलून काय हुतंय? सकाळी वही घ्या, एकेक लिहा. किती हाय ते तरी कळंल."

सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं आणि आई बसलो. अकरा गोष्टी निघाल्या. प्रत्येकीपुढं एकच प्रश्न लिहिला : याला तारीख आहे का? चार गोष्टींना तारीख होती. चार गोष्टी अशा होत्या, की एक फोन किंवा बँकेत एक चक्कर केली की उलगडणार होत्या. उरलेल्या तीन, म्हणजे पाऊस, दुधाचा भाव आणि कोरोना, आपल्या हातात नाहीत. त्यांच्यावर गोल करून ठेवला. मी रात्री ज्यावर जास्त विचार करत होतो त्या नेमक्या याच तीन होत्या. ज्यांना तारीख होती त्यांच्याकडं महिनाभर बघितलंही नव्हतं.

वहीतल्या ज्या गोष्टी बहुतेक घरांत सारख्याच आहेत, त्या खाली सांगतो.

हप्ता पुढं गेला म्हणजे माफ झाला नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला सांगितलं की बँका आणि फायनान्स कंपन्या १ मार्च ते ३१ मे या तीन महिन्यांचे हप्ते पुढं ढकलू शकतात. परवा २२ मे रोजी ही सवलत आणखी तीन महिने वाढवली, आता ३१ ऑगस्टपर्यंत. गावात त्याचा अर्थ 'सहा महिने हप्ता माफ' असा लावला गेला. तसं नाही. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

हिशोब सोपा आहे. समजा एक लाख रुपये देणं बाकी आहे आणि व्याज वर्षाला १२ टक्के. महिन्याचं व्याज झालं १,००० रुपये. तीन महिने थांबलात तर ३,००० च्या थोडं वर, सहा महिने थांबलात तर ६,००० च्या थोडं वर बोजा वाढला. थोडं वर यासाठी, की न भरलेलं व्याज मुदलात मिसळतं आणि पुढं त्यावरही व्याज लागतं. गटाच्या कर्जाचा दर २४ टक्के असेल तर हाच आकडा दुप्पट होतो.

म्हणून हातात पैसा असेल तर भरलेलं बरं, आणि आधी जास्त व्याजाचं भरावं. पैसा नसेल तर मात्र लाजायचं कारण नाही, सवलत त्यासाठीच आहे. सावकाराकडून तीन-चार टक्के महिन्यानं उचलून बँकेचा हप्ता भरणं हा तर उघड तोटा आहे. आमच्या गल्लीत दोघांनी असं केलंय, कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, ही सवलत आपोआप मिळेल असं धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेनं बँकांना मुभा दिलीय, द्यायची कशी ते प्रत्येकीनं आपापलं ठरवलंय. खात्यातून हप्ता परस्पर कापला जात असेल तर शाखेत किंवा त्यांच्या नंबरवर आधी कळवावं लागतं. नाहीतर पैसे जमा झाले की कापले जातात, आणि नसले तर दंड लागतो. सौ.च्या गटात एका फायनान्सचा माणूस एप्रिलच्या शेवटी येऊन "तुमच्या गटाला सवलत नाही" म्हणाला. बायका घाबरल्या. एकीनं मंगळसूत्र काढून ठेवायची तयारी केली. सौ.नं त्याला विचारलं, "हे कागदावर लिहून द्या की." तो काही लिहून देईना. कंपनीच्या नंबरवर फोन केल्यावर कळलं की सवलत आहे, अर्ज करावा लागतो. पुढचे हप्ते ऑगस्टनंतर. तोंडी काही मानू नका, मेसेज किंवा कार्डावर नोंद घ्या.

पीक कर्जाचं वेगळं आहे. तीन लाखांपर्यंतचं, १ मार्च ते ३१ मे दरम्यान थकणारं पीक कर्ज ३१ मेपर्यंत भरलं तरी ४ टक्क्यांचाच दर धरला जाणार आहे. तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा, आठच दिवस राहिलेत. मुदत वाढेल असं पारावर बोलतात, पण बोलण्यावर व्याज माफ होत नाही.

पाचशे रुपये, धान्य आणि रोजगार हमी

महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून असे तीन महिने ५०० रुपये आहेत. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर फिरलं की लवकर काढले नाहीत तर सरकार परत घेणार. त्यावरून बँकेपुढं उन्हात रांग लागली, आणि ज्या गर्दीला भ्यायचं तीच गर्दी झाली. पैसे परत जात नाहीत. खात्यात राहू द्या, गरज लागेल तेव्हा काढा. आधार जोडलेलं असेल तर पोस्टमनही अंगठा घेऊन घरी पैसे देतो, हे म्हाताऱ्या माणसांना सांगा.

रेशनचं थोडक्यात असं. अंत्योदय आणि प्राधान्य कार्डाला नेहमीच्या धान्याशिवाय माणशी पाच किलो तांदूळ फुकट, एप्रिल ते जून. पाच माणसांचं घर असेल तर २५ किलो. त्यात नाव नसलेल्या केशरी कार्डाला मे आणि जूनला माणशी तीन किलो गहू ८ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ १२ रुपयांनी. पाच माणसांचे २४० रुपये होतात. पावती मागा. पुण्या-मुंबईहून आलेल्या आणि कुठंच कार्ड नसलेल्यांसाठीही दोन महिने माणशी पाच किलो धान्य जाहीर झालंय. त्यांची यादी गावातच तयार होते, तेव्हा आपलं नाव द्या.

रोजगार हमीचा दर आपल्या राज्यात २०६ वरून २३८ रुपये झाला. काम आपसूक निघत नाही, मागावं लागतं. ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून द्यायचा आणि तारखेसह पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्त्याचा हक्क लागतो. पोच नसेल तर तुम्ही मागितलंच नव्हतं असं होतं. ऊसतोडीवरून उशिरा परतलेली बरीच कुटुंबं यंदा रिकामी बसून आहेत, त्यांना कुणीतरी हे वाचून दाखवा.

शंभर दाणे आणि ओलं पोतं

मृग ७ जूनला निघतो. सोयाबीनची ३० किलोची पिशवी दोन हजारांच्या वर आहे. चार एकरांना चार पिशव्या. हा खर्च वाचू शकतो, कारण सोयाबीनचं बियाणं दरवर्षी बदलावं लागत नाही, घरचं चालतं. पण गेल्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला होता हे विसरू नका. भिजलेल्या मालाची उगवण कमी असते, म्हणून यंदा तपासल्याशिवाय पेरायचं नाही.

पोत्यातून ठिकठिकाणचे शंभर दाणे मोजून घ्या. गोणपाट ओलं करून त्यावर ओळीत ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरेसं आहे. कमी आले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर विकत घ्यायचं. पोती आपटायची नाहीत, त्याचं साल पातळ असतं. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही.

हे काम मी पोरीला दिलं. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्यापासून ती नुसती मोबाईल घेऊन बसायची. तिनं तीन पोत्यांचे तीन गोणपाट केले, नावं घातली. ७४, ७१ आणि ५२. तिसरं पोतं डाळमिलला जाईल.

शाळेतला पुतण्या

पुतण्या १४ मेला पुण्याहून आला. गावाच्या वेशीवर काट्या टाकलेल्या. त्याला थेट शाळेत नेलं, पाचवीच्या वर्गात. पहिले दोन दिवस आई जेवली नाही. तिला वाटलं, पोराला कोरोना झालाय म्हणून डांबलंय. क्वारंटाईन म्हणजे आजारी असणं नाही, हे तिला चार वेळा सांगितलं. लागण झालीच असेल तर लक्षणं चौदा दिवसांत दिसतात, बऱ्याच जणांना पाचव्या-सहाव्या दिवशी. तेवढे दिवस वेगळं राहायचं, इतकंच. ताप, कोरडा खोकला, धाप असं काही वाटलं तर आशाताईंना सांगायचं किंवा १०४ वर फोन करायचा.

डबा आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतो आणि मागं होतो. ताट-तांब्या त्याचा वेगळा, तोच घासतो. संध्याकाळी आई लांब उभी राहून त्याच्याशी फोनवर बोलते, दोघं एकमेकांना दिसतात. पोरगं पहिल्या आठवड्यात गप्प होतं. नोकरी गेलीय, खोलीचं भाडं थकलंय, ते घरी सांगितलं नव्हतं. मी त्याला वहीतला प्रश्न विचारला, भाड्याला तारीख आहे का? त्यानं मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, दिवाळीपर्यंत दे. हे दीड महिना तो छातीवर घेऊन बसला होता.

शाळेत थांबलेल्यांच्या घरच्यांशी बोलणं तोडू नका. आमच्या दारावरून दुधाचं गिऱ्हाईक आठ दिवस बंद झालं होतं.

गुरुवारी, २८ तारखेला, त्याचे दिवस भरतात. आईनं पुरणाची डाळ आत्ताच निवडून ठेवलीय. पोळ्या शेजारच्या घरांतही द्यायच्या असं सौ.नं ठरवलंय. वेशीवर काट्या टाकणाऱ्यांच्या घरीसुद्धा.