‘निर्लेखन’ : एका प्रशासकीय शब्दाचा विचार

शाळेचे छत दुरुस्तीपलीकडे गेले म्हणजे नाशिक जिल्हा परिषदेस ती वर्गखोली पाडून नवी बांधावी लागते. तत्पूर्वी तिचे ‘निर्लेखन’ व्हावे लागते. हा शब्द अर्थविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे. म्हणूनच आयुर्वेदातील ‘जिह्वानिर्लेखन’ म्हणजे जीभ खरवडून स्वच्छ करणे. प्रशासकीय मराठीत मात्र ‘लेखन’ म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतील नोंद, आणि ‘निर्लेखन’ म्हणजे ती नोंद रद्द करणे होय. अभियंत्याने खोली धोकादायक ठरविली, तरी निर्लेखनास मंजुरी मिळेपर्यंत ती परिषदेची मालमत्ताच राहते व पाडता येत नाही. ‘धोकादायक’ या विशेषणाने स्थिती कळते. कृतीस अधिकार मिळतो तो ‘निर्लेखन’ या नामाने. या दोहोंमधील काळात पाऊस थांबत नाही. जीर्ण छताखाली काय घडू शकते, हे शेजारच्या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे दिसले. तेथे ऑगस्ट २०१७ मध्ये पावसात शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. सबब खोली नोंदवहीतून वगळली जाण्यापूर्वी मुले खोलीतून हलविली पाहिजेत. त्यास निर्लेखनाची वाट पाहण्याचे कारण नाही.