विलिंग्टन हॉलची वाटणी

इंग्लंडमध्ये स्विंडनच्या कारखान्यातून १९५० साली वाफेचे एक इंजिन बाहेर पडले. क्रमांक ७९२७, नाव ‘विलिंग्टन हॉल’. पंधरा वर्षे त्याने गाड्या ओढल्या. १९६५ च्या अखेरीस ते निवृत्त झाले आणि वेल्समधल्या बॅरी या गावी एका भंगारवाल्याच्या आवारात जाऊन उभे राहिले. तिथे ते वितळवले गेले नाही, पण पुन्हा रुळावरही आले नाही. पुढे त्याचा बॉयलर एका इंजिनाला मिळाला आणि ज्या पोलादी सांगाड्यावर ते उभे होते तो सांगाडा दुसऱ्याच इंजिनाला मिळाला.

एका अस्सल इंजिनाची अशी वाटणी करणे याला जतन म्हणायचे की मोडतोड? ब्रिटनमधल्या इंजिनप्रेमींचे यावर एकमत नाही. पण बाजू घेण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. इंजिनाला सुटे भाग लागतातच कशाला? आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसतो तरी कसा?

संग्रहालयात उभे असलेले इंजिन जपणे त्या मानाने सोपे असते. छप्पर हवे, तेलाचा हात हवा, गंजावर लक्ष हवे. धावते इंजिन मात्र रोज झिजते. १९५१ साली वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे हौशी स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. तेव्हापासून ब्रिटनमध्ये अशा शंभराहून अधिक वारसा रेल्वे उभ्या राहिल्या आहेत. त्यांची इंजिने प्रवासी घेऊन धावतात, म्हणून त्यांना भाग लागतात. आणि ते भाग बनवणारे कारखाने तर केव्हाच बंद झालेले.

बॉयलर थकतो कसा?

सगळ्यात महागडा आणि नाजूक भाग म्हणजे बॉयलर. कोळसा जळतो ती अग्निपेटी आतून तांब्याची असते. तिच्याभोवती पोलादाची दुसरी पेटी असते आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी असते. विलिंग्टन हॉलच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब दर चौरस इंचाला २२५ पौंड असे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६ किलोग्रॅम. अग्निपेटीच्या सपाट पत्र्याचा १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा डोळ्यांसमोर आणा. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावरचा भार १६०० किलोग्रॅम. पोस्टकार्डापेक्षाही लहान जागेवर दोन छोट्या मोटारी! एवढ्या भाराने पत्रा आत फुगेल. तो फुगू नये म्हणून दोन्ही पेट्या शेकडो आखूड दांड्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. या दांड्यांना ‘स्टे’ म्हणतात.

आता गंमत अशी, की तांबे तापल्यावर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. शिवाय आतली पेटी बाहेरच्या पेटीपेक्षा जास्त तापते. त्यामुळे इंजिन पेटवले, की आतला पत्रा बाहेरच्या पत्र्यापेक्षा थोडा जास्त सरकतो आणि मधले स्टे किंचित वाकतात. इंजिन थंड झाले की परत सरळ होतात. एखादी तार हाताने पुन्हा पुन्हा मागे-पुढे वाकवली तर काय होते, हे मुलांना करून पाहायला सांगा. स्टेचेही तेच होते. म्हणजे इंजिनाला नुसत्या धावण्यापेक्षा वारंवार तापणे आणि थंड होणे जास्त बाधते. पूर्वी ही इंजिने दिवसचे दिवस पेटलेली राहत. वारसा रेल्वेवर ती शनिवारी पेटतात आणि रविवारी रात्री विझतात.

म्हणून साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उचलून वेगळा काढतात. सगळ्या नळ्या उपसतात, पत्र्यांची जाडी मोजतात, खराब स्टे बदलतात. मग बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, पंपाने त्यात नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करून तपासतात. हवा न भरता पाणी का भरतात, हा वर्गात विचारण्यासारखा प्रश्न आहे. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. चीर गेलीच तर पाण्याची चिळकांडी उडेल, दाब उतरेल आणि काम संपेल. दाबलेली हवा मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते.

हे काम वर्षानुवर्षे रेंगाळते. तोवर इंजिन बसून राहते. स्विंडनच्या कारखान्याने यावर सोपा उपाय शोधला होता. इंजिनांच्या संख्येपेक्षा थोडे जास्त बॉयलर तयार ठेवायचे. इंजिन दुरुस्तीला आले की त्याचा बॉयलर काढायचा आणि आधीच दुरुस्त झालेला दुसरा चढवायचा. साहजिकच एखाद्या इंजिनावर आयुष्यभरात अनेक बॉयलर येऊन जात.

मोजकेच साचे

हे शक्य होण्यासाठी एकाचा बॉयलर दुसऱ्याला बसायला हवा. त्याचे श्रेय जॉर्ज चर्चवर्ड या अभियंत्याकडे जाते. १९०१ साली त्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी एक आराखडा मांडला. कामे वेगवेगळी असली तरी बॉयलर, सिलिंडर आणि चाके मोजक्याच ठरावीक मापांची असावीत, अशी त्यामागची कल्पना. त्याचा ‘एक नंबरचा’ प्रमाणित बॉयलर प्रवासी गाड्यांच्या ‘सेंट’ इंजिनावर बसे, तसाच जड मालगाड्यांच्या इंजिनावरही. नंतरच्या ‘हॉल’ आणि ‘ग्रेंज’ वर्गांनीही तोच घेतला. हॉल वर्गाचा उगमच मुळी १९२४ साली एका सेंट इंजिनाला लहान चाके लावून झाला. ग्रेंज वर्गाची ८० इंजिने १९३६ ते १९३९ या काळात बांधली गेली, तेव्हा मोडीत काढलेल्या जुन्या इंजिनांची चाके आणि चाके फिरवणारे दांडे त्यांना वापरले होते. म्हणजे वाटणी ही जतन करणाऱ्यांनी काढलेली नवी टूम नव्हे.

तरीही ‘माप सारखे’ म्हणजे भाग तसाच बसेल असे नाही. चाकाचे उदाहरण घेऊ. इंजिनाच्या चाकावर पोलादाची वेगळी धाव असते, आपल्या बैलगाडीच्या चाकावर असते तशी. बसवण्याची रीतही लोहाराचीच. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, तापवायची, चढवायची. १८०० मिलिमीटर व्यासाची धाव २५० अंशांनी तापवली, तर व्यास पाचेक मिलिमीटरने वाढतो. थंड होताना ती चाकाला आवळून धरते. पण एकमेकांना दांड्यांनी जोडलेली सगळी चाके तंतोतंत एका व्यासाची असावी लागतात, नाहीतर एक चाक दुसऱ्याला ओढत घासत राहील. त्यामुळे दुसऱ्या रेल्वेकडून कमी झिजलेल्या चाकांची एक जोडी मिळाली, तरी ती कातून आधीच्या झिजलेल्या चाकांएवढी करावी लागते, किंवा सगळ्यांनाच नव्या धावा चढवाव्या लागतात.

भाग मिळालाच नाही तर तो ओतावा लागतो. त्यासाठी लाकडी नमुना लागतो. जुने चाक वाळूत दाबून ठसा घेतला तर? ओतीव पोलाद थंड होताना साधारण शेकडा २ ने आकसते. १७३० मिलिमीटरचे चाक असे ओतले तर ते सुमारे ३५ मिलिमीटरने लहान निघेल, शिवाय मूळ चाकाची झीज वेगळीच. म्हणून नमुना बनवणारे सुतार मुद्दाम वाढीव खुणांची पट्टी वापरतात. बिडाला एक माप, पोलादाला दुसरे. असा नमुना बनवणे वेळखाऊ आणि खर्चिक असते. तो एकदा झाला, की दुसऱ्या रेल्वेला उसना देता येतो. माझ्या मते वारसा रेल्वेंमधली खरी मोलाची देवघेव सुट्या भागांची नसून या लाकडी नमुन्यांची आणि जुन्या आराखड्यांची आहे. भाग दिला की देणाऱ्याकडे राहत नाही, नमुना मात्र परत येतो.

जुना भाग वापरायचा तर आत भेग नाही ना, हेही पाहावे लागते. पोलादी दांड्याला चुंबकत्व देतात आणि त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकतात. भेग असेल तिथे चुंबकीय बलरेषा बाहेर डोकावतात आणि भुकटी नेमकी त्या रेघेवर जमते. जुन्या करवतीच्या पात्याला चुंबकाने घासून, त्याला कानशीने एक खाच पाडून, वर कागद ठेवून लोहकीस भुरभुरवला तर वर्गातही हे दाखवता येईल.

वाटणीचा हिशेब

बॅरीच्या भंगारवाल्याने ब्रिटिश रेल्वेकडून २९७ इंजिने विकत घेतली होती. मालगाडीचे डबे फोडणे सोपे, म्हणून त्याने आधी ते फोडले आणि इंजिने मागे राहिली. १९६८ ते १९९० या काळात त्यांतली २१३ इंजिने हौशी मंडळींनी सोडवून नेली. हॉल वर्गाची बरीच वाचली. सेंट, ग्रेंज आणि ‘काउंटी’ या वर्गांचे मात्र एकही इंजिन उरले नव्हते.

तेव्हा वाचलेल्यांतून हरवलेली उभी करावीत, असा विचार पुढे आला. ‘मेंडी हॉल’ला मोठी चाके देऊन ‘लेडी ऑफ लेजंड’ हे सेंट वर्गाचे इंजिन २०१९ साली डिडकॉट इथे तयार झाले. १९२४ सालचा प्रयोग उलट्या दिशेने केला म्हणा ना! विलिंग्टन हॉलचा बॉयलर ‘बेटन ग्रेंज’ला गेला आणि ते इंजिन २०२४ साली वाफेवर चालले. सांगाडा गेला ‘काउंटी ऑफ ग्लॅमॉर्गन’ला. काउंटीचा बॉयलर वेगळा होता. दुसऱ्या महायुद्धात स्विंडनने लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश या दुसऱ्याच रेल्वेच्या नमुन्याची ८० मालगाडी इंजिने बांधली होती. त्यांच्या बॉयलरचे पत्रे वळवण्याचे साचे हाताशी होते, म्हणून काउंटीचा बॉयलर त्यांवरच बेतला गेला. हा धागा पकडून नव्या काउंटीसाठी त्याच नमुन्याच्या ४८५१८ क्रमांकाच्या इंजिनाचा बॉयलर घेतला आणि त्यात बदल करायचे ठरवले.

यावर आक्षेप असा, की विलिंग्टन हॉल अस्सल होते आणि नवी इंजिने म्हणजे प्रतिकृती. आक्षेप खोटा नाही. पण हॉल वर्गाची इतर इंजिने शाबूत आहेत, आणि नवा बॉयलर करणे सोपे राहिलेले नाही. २००८ साली पूर्ण झालेल्या ‘टॉर्नेडो’ या संपूर्ण नव्या इंजिनाचा बॉयलर जर्मनीत मायनिंगेनला करवून घ्यावा लागला होता. भावंडे असलेल्या इंजिनाचे भाग द्यायला हरकत नाही, एकुलत्या एकाचे मात्र देऊ नयेत, असे मला वाटते.

एकुलतेपणाची अडचण आपल्या माथेरानने अनुभवली आहे. १९०७ साली सुरू झालेल्या या रेल्वेची जर्मन बनावटीची चारच वाफेची इंजिने होती. घाटातल्या अवघड वळणांसाठी त्यांच्या टोकाच्या आसांवर पोकळ आसाचे आवरण घातले होते, ते मधल्या गोलाकार सांध्यावर थोडे फिरत असे. रचना मोठी हुशारीची, पण भाग उसना मागायला शेजारी कोणी नाही. दार्जिलिंगला मात्र एकाच आराखड्याची तीसहून अधिक इंजिने १८८९ पासून बनत गेली. रुळांमधले अंतर दोन्हीकडे दोन फुटांचेच. अखेर २००१ साली दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिनच माथेरानसाठी आणले गेले, आणि २००२ च्या मे महिन्यात ते कामाला लागले.

ब्रिटनमधले जतन केलेले एखादे इंजिन पाहायला मिळाले तर चाके जोडणाऱ्या दांड्यांकडे नीट पाहा. मूळ इंजिनाचा क्रमांक त्यावर ठोकलेला असतो. पुष्कळदा तो वरच्या पितळी पाटीवरच्या क्रमांकाशी जुळत नाही, आणि कधी कधी एक आकडा खोडून शेजारी दुसरा ठोकलेलाही दिसतो.