डांबर संपते तिथून पुढे

डोंबिवलीत सायकल चालविणे ही आता हौस राहिलेली नसून ती एक कसरत झाली आहे. शिळफाट्याकडे जा, पत्रीपुलाकडे जा, नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याला लागा. सायकलस्वाराच्या वाट्याला गटाराची झाकणे आणि ट्रकची चाके यांच्यामधली हातभर जागा तेवढी येते. तथापि आपल्या शहरांचे एक भाग्य आहे. कल्याणहून मुरबाडच्या दिशेने पहाटे तास-दीड तास पायडल मारले की सह्याद्रीची भिंत समोर दिसू लागते, आणि मुख्य मार्ग सोडून आत वळणाऱ्या लहान रस्त्यांवर मोटार क्वचितच भेटते. मी भूगोलाचा विद्यार्थी. गेली तीन वर्षे बहुतेक रविवारी मी या रस्त्यांवर सायकल फिरवीत आलो आहे. त्या रस्त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

अशा कच्च्या रस्त्यांवर चालविण्याच्या सायकलीला हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात शेतांमधून जाणारे शेकडो मैलांचे खडीचे रस्ते आहेत. तेथील एम्पोरिया या गावी २००६ सालापासून २०० मैलांची शर्यत होते आणि या प्रकाराला पुष्कळशी प्रसिद्धी तिच्यामुळे मिळाली. या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते. पण टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीच्या टायरमध्ये पूर्वापार ८० ते १०० पौंड दाबाची हवा भरत. येथे ३०-४० पौंड पुरते. कारण सोपे आहे. टणक टायर दगडावर चढला की सारी सायकल उचलली जाते आणि हादरा मनगटांना बसतो. मऊ टायर दगडाभोवती स्वतःच दबतो.

हे ऐकून भारावून जाण्याचे मात्र कारण नाही. आपल्या दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंदच होता! आपल्याकडच्या रस्त्यांनी तो ठरविला होता. नवे आहे ते गिअर, हलके वजन आणि किंमत.

आता रस्त्याकडे वळू. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची प्रतवारी ठरविली: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत खाली ग्रामीण मार्ग. या शेवटच्या पायरीवरचा रस्ता टप्प्याटप्प्याने घडतो. आधी मातीकाम. मग खडीकरण, म्हणजे फोडलेली खडी पसरायची, तिच्या फटींत मुरूम भरायचा, पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. सर्वांत शेवटी डांबरीकरण. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमध्ये काही ठिकाणी वर्षे जातात. आपण ज्याला खडीचा रस्ता म्हणतो तो बहुधा असा अर्ध्यावर थांबलेला रस्ता असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आपल्या भागात रहदारी नसलेल्या वाटा तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या या ग्रामीण रस्त्यांच्या. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत ठाकूर-कातकरी पाड्यांकडे जाणारे असे रस्ते पुष्कळ आहेत. एका बाजूला भातखाचरे, दुसऱ्या बाजूला साग आणि ऐन. फाल्गुनात मधूनच पेटलेला पळस. दुसऱ्या वाटा पाण्याच्या. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण, भातसा, बारवी, यांच्या परिसरात आणि जलवाहिन्यांच्या कडेने देखभालीचे रस्ते आहेत. यांतील काही बंद असतात, काही अभयारण्यात मोडतात. तेथे परवानगीवाचून शिरू नये. ठाण्याच्या येऊरच्या जंगलालाही हाच नियम लागू आहे. तिसऱ्या वाटा सर्वांत जुन्या, बैलांच्या तांड्यांच्या. कल्याण बंदरातला माल ज्या नाणेघाटाने जुन्नरला चढत असे, त्या घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आजही आहे. वैशाखरे गावापर्यंत डांबरी रस्त्याने जावे. पुढची वाट रानातून आहे आणि घाटाच्या दगडी पायऱ्यांवर सायकल चढत नाही. ती खांद्यावर घ्यावी किंवा पायथ्याशी ठेवावी.

आपला मुरूम म्हणजे कुजलेला काळा पाषाण. पावसाळ्यात त्यातील बारीक माती वाहून जाते आणि खडी उघडी पडते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर मुकाट्याने परत फिरावे. दिवाळीनंतर माती बसलेली आणि हवा थंड असते. तेव्हापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. चैत्रात धूळ फार आणि सावली थोडी. उतारावर वजन मागे ठेवावे आणि वळणाच्या आधीच वेग कमी करावा, ऐन वळणात ब्रेक दाबू नये. आणखी एक. स्नेहसंमेलनातील वक्ते आपल्याला नेहमी चाकोरी सोडावयास सांगतात. मी उलटे सांगतो. चाकोरी म्हणजे चाकांनी दाबलेला पट्टा. खडीच्या रस्त्यावर तोच तेवढा घट्ट असतो. मित्रांनो, चाकोरी सोडू नका!

आता मघाचा मुद्दा. मला जो रस्ता निवांत वाटतो, तो पाड्यावरच्या माणसाला अडलेला वाटतो. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या याच तालुक्यांतून येतात. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तसेच हे. त्याच तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला; त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर सायकलला प्रवेश नाही आणि पाड्याला त्याचा उपयोग थोडाच. अशा वेळी ‘हे रस्ते असेच राहोत’ असे शहरातून आलेल्या हौशी माणसाने म्हणणे मला पटत नाही.

इटलीतील टस्कनी प्रांतात पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचविण्याच्या हेतूने १९९७ साली गायोले या गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. ‘लेरोइका’ हे तिचे नाव. आज जगभरचे लोक तेथे जातात आणि त्या रस्त्यांना मान मिळाला आहे. हे उदाहरण मोठे मोहक आहे. परंतु तेथील खेड्यांना दवाखान्यापर्यंत पोहोचविणारा दुसरा चांगला रस्ता होता. आपल्याकडे प्रथम तो व्हावयास हवा. पाड्याला डांबर मिळावे, आणि जुनी गाडीवाट, घाटाची वाट, धरणाकाठची वाट मात्र खोदून किंवा कुंपण घालून नष्ट होऊ नये, एवढीच मागणी न्याय्य ठरेल. रहदारी नसणे आणि रस्ता नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यासाठी आधी या वाटांची नोंद हवी. शासनाचे नकाशे रस्ता दाखवितात. तो जूनमध्ये चालतो की नाही, वाटेत विहीर कोठे आहे, वस्तीचे लोक त्याला काय म्हणतात, हे दाखवीत नाहीत. आपल्या भूगोल मंडळाने येत्या हिवाळ्यात मुरबाड तालुक्यापासून हे काम सुरू करावे, असे मी सुचवितो. वाट विचारण्यासाठी प्रत्येक पाड्यावर थांबावेच लागेल. सायकलवर तो एक फायदा आहे. थांबायला जागा शोधावी लागत नाही.