भयखेळातील गुप्त संघटनेची रचना

रोल-प्लेइंग गेम हे अनेकांनी संभाषणातून मिळून घडविलेले कथन होय. एक जण सूत्रधार असतो. इतर खेळाडू एकेका पात्राच्या कृती ठरवितात आणि त्या कृतींचे यशापयश बहुधा फाशांवर अवलंबून असते. सँडी पीटरसन यांनी रचलेला व १९८१ मध्ये प्रकाशित झालेला 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा या प्रकारातील भयखेळ एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथाविश्वावर आधारलेला आहे. त्यातील गुप्त संघटनेच्या रचनेचा कथनदृष्ट्या विचार येथे करावयाचा आहे.

लव्हक्राफ्ट यांच्या 'द कॉल ऑफ क्थुल्हू' (१९२८) या कथेत निवेदक आपल्या नात्यातील एका दिवंगत प्राध्यापकाची कागदपत्रे, एका पोलीस अधिकाऱ्याची हकीकत आणि एका खलाशाचे टिपण जुळवितो. त्यातून जगभर पसरलेल्या पंथाचे अस्तित्व उलगडते. हा क्रम लेखकाच्या हाती आहे. खेळात मात्र कोणते दार आधी ठोठावावयाचे हे खेळाडू ठरवितात. म्हणून सूत्रधाराला केवळ घटनाक्रम रचून भागत नाही. संघटनाच रचावी लागते.

ही रचना कांद्याच्या पापुद्र्यांसारखी असते. बाहेर एखादी निरुपद्रवी पेढी वा धर्मादाय संस्था; तिच्या आत अर्धेच सत्य माहीत असलेले नोकर; गाभ्यात खरा हेतू जाणणारे मोजके लोक. प्रत्येक थराबाबत तीन प्रश्न विचारावे लागतात : या लोकांना काय माहीत आहे, काय हवे आहे आणि त्यांच्या वावराच्या खुणा कोठे उरतात? संघटनेला जागा भाड्याने घ्यावी लागते, माणसे मिळवावी लागतात, पैसा फिरवावा लागतो. यातील प्रत्येक गरज गुप्ततेला फट पाडते. ज्याचा मागमूसच लागू शकत नाही, असा कट खेळाच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. याच जाणिवेतून २००८ च्या 'ट्रेल ऑफ क्थुल्हू' या खेळात असा नियम आला की, योग्य कौशल्य असलेल्या पात्राने योग्य ठिकाणी शोध घेतल्यास आवश्यक धागा फाशांविना मिळावा.

या रचनेला नैतिक बाजूही आहे. लव्हक्राफ्ट यांच्या कथेतील पंथानुयायी वंशद्वेषाने रंगविलेले आहेत. तो पंथ जसाच्या तसा उसना घेणारा रचनाकार नकळत तो द्वेषही उचलतो. १९०३ मध्ये रशियात छापले गेलेले 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' हे बनावट लेखन ज्यूंच्या तथाकथित जागतिक कटाचा आराखडा मांडते. लंडनच्या 'द टाइम्स'ने १९२१ मध्ये त्यातील वाङ्मयचौर्य उघड केले, तरी त्यावरील विश्वास सरला नाही. कारण अशा कटकल्पनेत पुरावा नसणे हाच पुरावा मानला जातो. भयखेळातील कट याच्या उलट असावा : त्याचा पुरावा तपासता यावा, त्याविषयीचा तर्क चुकू शकावा आणि त्यातील सभासदत्व जन्मावर नव्हे, तर लोभ, शोक किंवा भय यांवर ठरावे. मुलगा गमावलेला बाप मृताला परत आणण्याच्या आशेने पंथात शिरला असेल, तर शोध घेणाऱ्या पात्राला त्याच्यात स्वतःचे रूप दिसू शकते. म्हणून संघटनेचे नाव व चिन्ह ठरविण्यापूर्वी तिच्यात माणसे का येतात, हे सूत्रधाराने ठरविणे इष्ट होय.