मूळ खेळ शाबूत ठेवायचा तर
संगणकावरील खेळांत खेळणारेच नवी भर घालतात. तिला ‘मॉड’ म्हणतात. ‘स्कायरिम’ (२०११) या खेळाच्या फोल्डरमध्ये आपण दोन मॉड हाताने टाकले आणि दोन्हींत एकाच नावाची फाइल असली, तर आधीची पुसली जाते. मग बिघाड शोधायचा कसा?

‘मॉड ऑर्गनायझर २’ हे साधन प्रत्येक मॉड वेगळा ठेवते आणि खेळ चालताना सर्वांचे एकत्रित रूप त्याला दाखवते. जणू नकाशावर ठेवलेले पारदर्शक कागद. ‘व्हॉर्टेक्स’ सहसा खेळाच्या फोल्डरमध्ये त्याच फाइलचे दुसरे नाव नोंदवते. त्यासाठी मॉड व खेळ एकाच ड्राइव्हवर हवेत. नसतील तर पहिले साधन सोयीचे.

कोणतेही निवडले, तरी एका वेळी एकच मॉड काढून पाहता येतो. प्रयोगशाळेत आपण हेच तर करतो!